श्रेय कोणाच्या खात्यावर?

नॉर्म चाऊ यांची हेड कोच म्हणून कारकीर्द एका ओळीत आटोपते. हवाई विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची सूत्रे 2012 ते 2015 या काळात त्यांच्याकडे होती. 10 सामने जिंकले, 36 हरले आणि चौथा हंगाम पुरा व्हायच्या आतच त्यांना नारळ मिळाला. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नोंदवह्या हेड कोचच्या नावाने उघडतात, त्यामुळे त्या हिशेबाने चाऊ नापास. पण त्याआधीची जवळजवळ चाळीस वर्षे हाच माणूस कोणाच्या ना कोणाच्या हाताखाली आक्रमणाची आखणी करत होता, क्वार्टरबॅक घडवत होता. कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दर वर्षी मिळणारी हाइसमन ट्रॉफी त्यांच्या तीन क्वार्टरबॅकनी पटकावली: टाय डेटमर 1990 मध्ये, कार्सन पामर 2002 मध्ये, मॅट लायनार्ट 2004 मध्ये. एकाच माणसाच्या या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की प्रश्न पडतो तो चाऊंबद्दल नव्हे, नोंद ठेवण्याच्या पद्धतीबद्दल. गेल्या पन्नास वर्षांत धडका देत जमिनीवरून पुढे सरकणारा हा खेळ हवेतून खेळला जाऊ लागला, आणि तो बदल मुख्यतः दुसऱ्या पायरीवरच्या माणसांनी घडवला, त्यांनीच तो एका गावाहून दुसऱ्या गावी नेला. श्रेय मात्र पहिल्या खुर्चीच्या खात्यावर जमा होत राहिले. यात कोणाचा मान हुकला हा भाग वेगळा. पण अशाने खेळ का आणि कसा बदलला, हेच मुळी कळेनासे होते.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे, म्हणून दोन शब्द. चेंडू लंबगोल, संघ अकरा-अकरा जणांचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे. नाही जमले तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. प्रत्येक प्रयत्न ही आधी ठरवलेली एक खेळी असते आणि ती मैदानावर चालवतो क्वार्टरबॅक. चेंडू पुढे फेकायला 1906 पर्यंत बंदीच होती. 1905 च्या हंगामात मैदानावर मुले दगावली, प्रकरण थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेले, आणि झुंडीने एकमेकांवर आदळण्याला उतारा म्हणून पुढचा पास कायदेशीर झाला. कायदा बदलला तरी सवय बदलायला अर्धे शतक लागले. त्याला एक कारण असे की खेळी रचणारा असा स्वतंत्र माणूसच तेव्हा नव्हता. मैदानाबाहेरून खेळाडूला सूचना देणे हाच कित्येक दशके नियमभंग होता. पुढची खेळी क्वार्टरबॅक स्वतःच ठरवायचा. खेळाडू बदलण्यावरही बंधने होती, त्यामुळे तीच मुले हल्लाही करत आणि बचावही. कॉलेजांनी ही बंधने 1953 मध्ये पुन्हा आवळली होती, ती 1965 पर्यंत पूर्ण सैल झाली. हल्ल्याचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा असे दोन तट पडले, आणि प्रत्येक तटाला आपला कारभारी लागला. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर हे पद त्या गरजेतून उभे राहिले. पुष्कळ ठिकाणी क्वार्टरबॅकला शिकवण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडले, आणि ते सयुक्तिकच होते: आखणी एकाच्या डोक्यात आणि अंमल दुसऱ्याच्या हातात असेल, तर त्या दोघांना एका खोलीत कोंडलेलेच बरे.

त्या पदाचे खरे सामर्थ्य कुठे दिसले, तर यूटा राज्यातल्या प्रोव्हो गावी, मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात. लाव्हेल एडवर्ड्स 1972 मध्ये तिथे हेड कोच झाले. संघाचा पूर्वेतिहास बव्हंशी हरण्याचा. देशातले धिप्पाड, गाजलेले खेळाडू तिकडे फिरकत नसत; दारू-तंबाखू सोडाच, कॉफीलाही जिथे मनाई, तिथे वीस वर्षांच्या पोराने कशाला यावे? बळाच्या खेळात आपण बड्यांना पुरे पडणार नाही, तर चेंडू हवेतून खेळावा, असा एडवर्ड्सनी विचार केला. मात्र ते स्वतः बचावाचे प्रशिक्षक. पास कसा शिकवावा हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी टेनेसीचे माजी क्वार्टरबॅक ड्युई वॉरन यांना बोलावले. गंमत अशी की त्या पहिल्याच हंगामात त्यांच्या पीट व्हॅन व्हाल्केनबर्ग या धावपटूने पळून काढलेल्या यार्डांत देशात पहिला क्रमांक मिळवला. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. एडवर्ड्स थांबले नाहीत. वॉरननंतर 1976 मध्ये डग स्कोव्हिल आले आणि या पासच्या खेळाला त्यांनी शिस्तशीर घाट दिला. स्कोव्हिल गेल्यावर टेड टॉलनर, मग माइक होल्मग्रेन, जे पुढे ग्रीन बे पॅकर्सचे हेड कोच म्हणून सुपर बोल जिंकले. आणि या सगळ्यांच्या येण्याजाण्यात कायम राहिलेले नॉर्म चाऊ. ते 1973 मध्ये शिकाऊ सहायक म्हणून आले, पास झेलणाऱ्या रिसीव्हरना शिकवू लागले, ऐंशीच्या दशकात आक्रमणाची सूत्रे त्यांच्या हाती आली, आणि ते प्रोव्होत एकंदर 27 वर्षे राहिले. गिफर्ड निल्सन, मार्क विल्सन, जिम मॅक्महॉन, स्टीव्ह यंग, रॉबी बॉस्को, टाय डेटमर ही क्वार्टरबॅकची रांग याच काळातली. 1984 मध्ये तर हा संघ 13 पैकी 13 सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला.

चाऊ स्वतः कधी क्वार्टरबॅक नव्हते. होनोलुलूत 1946 मध्ये जन्मलेला हा चिनी, हवाईयन आणि पोर्तुगीज वंशाचा मुलगा यूटा विद्यापीठात गार्ड म्हणून खेळला, म्हणजे मान खाली घालून समोरच्याला रोखण्याचे काम. नंतर हवाईतल्या वायालुआ हायस्कूलमध्ये शिकवले, आणि ब्रिगहॅम यंगला आल्यावर तिथे शिक्षणशास्त्राची डॉक्टरेट केली. ही डॉक्टरेट मला त्यांच्या खेळाडूपणापेक्षा महत्त्वाची वाटते, कारण प्रोव्होच्या आक्रमणाचे वेगळेपण खेळ्यांच्या संख्येत नव्हते, त्या शिकवण्याच्या रीतीत होते. खेळ्या मोजक्या, त्याच त्या रोज, अंगवळणी पडेपर्यंत. त्यातली एक जवळून पाहण्याजोगी आहे. दोन रिसीव्हर मैदानाच्या दोन बाजूंनी आत धावत येतात आणि पाच-सहा यार्डांवर एकमेकांना इतक्या जवळून ओलांडतात की हात पुढे केला तर टाळी द्यावी. त्यांच्या पाठीशी लागलेले दोन बचावपटू त्या चिंचोळ्या जागेत एकमेकांच्या आड येतात, आणि एक रिसीव्हर तरी क्षणभर मोकळा सुटतो. समोरचे गडी माणसाच्या मागे न धावता आपापली जागा धरून बसले असतील, तर तेच दोघे धावायचे सोडून दोन गड्यांमधल्या फटीत उभे राहतात. खेळी एक, उत्तरे दोन, आणि कोणते उत्तर लागू हे रिसीव्हरने आणि क्वार्टरबॅकने एकाच वेळी, न बोलता ओळखायचे. क्वार्टरबॅकने ठरलेल्या क्रमाने पाहायचे आणि तीनेक सेकंदांत चेंडू हातावेगळा करायचा. कागदावर ही खेळी शाळकरी पोरालाही काढता येईल. अंगावर माणसे धावून येत असताना ती क्रमाने पाहण्याची नजर तयार करणे हा धंदा आहे, आणि तो हेड कोचच्या भाषणांनी साधत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: गुणी पोरे मिळाली तर कोणीही गुरू होतो. पामरचे आकडे पाहावेत. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात 2000 साली, चाऊ यायच्या आधी, त्याने 16 टचडाउन पास, म्हणजे थेट शेवटच्या रेषेपार गुण मिळवून देणारे पास, टाकले आणि 18 वेळा चेंडू शत्रूच्या हातात दिला. चाऊ 2001 मध्ये आले. त्या वर्षी 13 आणि 12. मग 2002 मध्ये 33 टचडाउन आणि फक्त 10 चुका, हाइसमन ट्रॉफी, आणि पुढच्या वसंतात व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिला क्रमांक. मुलगा तोच, खांदा तोच. पाचव्या वर्षी माणूस पिकतोच, असे कोणी म्हणेल. ते खरे धरले तर फिलिप रिव्हर्सचे काय? 2000 साली चाऊ एकच हंगाम नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात होते. रिव्हर्स तेव्हा कॉलेजात नुकता आलेला, आणि त्या पहिल्याच वर्षी त्याने 3,000 हून अधिक यार्डांचे पास टाकले. लायनार्टने 2003 पूर्वी कॉलेजच्या सामन्यात जवळजवळ काहीच केले नव्हते. त्या वर्षी त्याने 38 टचडाउन पास दिले. गुणवत्ता हवीच, तिच्यावाचून काही होत नाही. पण पिकलेला, कोवळा आणि बाकावर बसून राहिलेला, अशा तीन तऱ्हांच्या मुलांत चार वर्षांत समान असलेली गोष्ट शोधायची तर ती एकच सापडते.

याच ठिकाणी माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा सर्वांत कठीण पुरावाही सांगितला पाहिजे. 2004 चा हंगाम ओक्लाहोमाला 55–19 असे लोळवून संपला आणि चाऊ व्यावसायिक फुटबॉलमध्ये, टेनेसी टायटन्सकडे गेले. पुढच्या वर्षी सदर्न कॅलिफोर्नियाने त्यांच्यावाचून आधीपेक्षा जास्त गुण केले. शेवटच्या सामन्यात टेक्सासकडून 41–38 असा निसटता पराभव झाला एवढेच. म्हणजे चाऊ नसले तरी गाडा चालला, नव्हे जोरात चालला. याचे काही श्रेय रेजी बुशच्या पायांना, त्या वर्षीची हाइसमन त्यालाच होती. पण क्वार्टरबॅकना शिकवायला तेव्हा कोण होते, हेही पाहावे: स्टीव्ह सार्किशियन, म्हणजे 1995 आणि 1996 मध्ये ब्रिगहॅम यंगचा क्वार्टरबॅक, चाऊंच्याच खोलीत बसून खेळ शिकलेला. गुरुजी गेले आणि शिष्याने शिकवणी चालवली. यातून कोऑर्डिनेटर क्षुल्लक ठरतो असे मला वाटत नाही. त्याची विद्या माणसांतून पुढे सरकते आणि ती खुर्चीला चिकटलेली नसते, एवढे मात्र ठरते.

दुसरा आक्षेप हेड कोचच्या बाजूचा. एडवर्ड्सनी हरण्याची भीती बाजूला ठेवून पासला मुभा दिली नसती, तर स्कोव्हिल आणि चाऊ काय हवेत आखणी करणार होते? हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. 257 विजय मिळवून 2000 साली निवृत्त झालेले एडवर्ड्स हे मोठे प्रशिक्षक होतेच, आणि माणसे नेमून त्यांच्या कामात नाक न खुपसणे हा दुर्मीळ गुण आहे. पण चाऊ ज्या तीन विद्यापीठांत चमकले तिथले हेड कोच पाहा: एडवर्ड्स बचावाचे, नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे चक अमाटो बचावाचे, सदर्न कॅलिफोर्नियाचे पीट कॅरोल तर बचावाचेच नामांकित जाणकार. तिघांनी आक्रमण दुसऱ्यावर सोपवले. मुभा देणे हे एक काम आणि त्या मुभेत काहीतरी उभे करणे हे दुसरे. प्रोव्होचे स्टेडियम एडवर्ड्सच्या नावाने आहे, ते योग्यच. त्या स्टेडियममध्ये जे खेळले गेले त्याचा इतिहास मात्र त्या एका नावात मावत नाही.

कोऑर्डिनेटर चुकत नाही असेही नाही. स्टीव्ह यंग डावखुरा, आला तेव्हा रांगेत पार शेवटी. स्कोव्हिलच्या काळात त्याला क्वार्टरबॅकवरून काढून बचावात टाकण्याचा बेत होता. स्कोव्हिल सॅन डिएगो स्टेटला गेले, टॉलनर आले, त्यांनी या मुलाचा हात पाहिला आणि त्याला ठेवून घेतले. 1983 मध्ये त्याच यंगचे 71 टक्क्यांहून अधिक पास बिनचूक गेले. एका माणसाच्या जाण्यायेण्यावर एवढा मोठा खेळाडू हातचा जायचा राहिला, आणि हेड कोच दोन्ही वेळेस एकच होता. डेटमरचे 1990 सालही असेच दोन्ही बाजूंनी वाचावे लागते. 5,188 यार्ड, 41 टचडाउन, हंगामाच्या आरंभी देशात अव्वल असलेल्या मायामीवर विजय. आणि सोबत 28 इंटरसेप्शन, म्हणजे शत्रूच्या हाती गेलेले पास. ट्रॉफी जाहीर झाली त्याच दिवशी हवाईने ब्रिगहॅम यंगला 59–28 असे धुतले. हवाईच्या आक्रमणाचे कोऑर्डिनेटर होते पॉल जॉन्सन, पास जवळजवळ न टाकता चेंडू घेऊन पळण्याच्या जुन्या विद्येचे पक्के उपासक. म्हणजे त्या दिवशीची लढत खरी दोन कोऑर्डिनेटरांची, आणि आमचे चाऊ ती सपशेल हरले.

ही विद्या प्रोव्होबाहेर कशी गेली हा भाग मला सगळ्यांत रोचक वाटतो. हॅल मम्मी हे 1982 ते 1985 टेक्सासच्या एल पासो इथल्या विद्यापीठाचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते; त्यांची गाठ दर वर्षी ब्रिगहॅम यंगशी पडायची आणि बहुतेकदा मार खाऊन झाला की सामन्याची फिल्म हाती उरायची. त्या फिल्ममधून त्यांनी खेळ्या उचलल्या, ती एकमेकांना ओलांडण्याची खेळीही, आणि टेक्सासच्या एका हायस्कूलमध्ये, मग आयोवा वेस्लियन नावाच्या लहानशा कॉलेजात त्या आणखी सोप्या केल्या. तिथे त्यांना साथीला मिळाले माइक लीच: स्वतः ब्रिगहॅम यंगचे माजी विद्यार्थी, कॉलेज फुटबॉल कधी न खेळलेले, वकिलीची पदवी घेऊन वकिली न केलेले. दोघे जॉर्जियातून केंटकीला गेले. तिथला टिम काउच 1999 च्या व्यावसायिक निवडीत देशात पहिला आला. त्याच वर्षी लीच ओक्लाहोमाचे कोऑर्डिनेटर झाले, फक्त एका हंगामापुरते. त्यांनी आणलेला जॉश ह्यूपल हा क्वार्टरबॅक पुढच्या वर्षी संघाला राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत घेऊन गेला, तेव्हा लीच टेक्सास टेकमध्ये पोहोचलेसुद्धा होते. टेकमध्ये संघात जागा न मिळालेल्या लिंकन रायली नावाच्या विद्यार्थ्याला त्यांनी हाताशी धरले. रायली ईस्ट कॅरोलायनाचे आणि मग ओक्लाहोमाचे कोऑर्डिनेटर झाले, आणि आजवर त्यांच्या तीन क्वार्टरबॅकनी हाइसमन मिळवली आहे. प्रोव्होपासून इथपर्यंत हे एक घराणेच झाले. त्यातली खुर्च्यांची नावे पुसून फक्त कोण कोणाच्या शेजारी बसून फिल्म पाहत होते एवढे लिहिले, तरी पासच्या खेळाचा इतिहास बराचसा लिहून होतो. हेड कोचांची यादी घेऊन बसले तर ओक्लाहोमाचे ते विजेतेपद आकाशातून पडल्यासारखे वाटते.

उरला शेवटचा आणि सर्वांत तिखट आक्षेप: चाऊ इतके थोर, तर पुढे घसरले कसे? टायटन्समध्ये तीन हंगाम, मग निरोप. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तीन वर्षे, आक्रमण रडतखडत. आणि 65 व्या वर्षी मिळालेले हवाईचे हेड कोचपद, ज्याची फळे सुरुवातीलाच सांगितली. बड्या कॉलेज फुटबॉलमध्ये आशियाई वंशाचा हा पहिलाच हेड कोच. ती संधी इतक्या उशिरा का आली, हेही विचारायलाच हवे. पण आक्षेपाला उत्तर म्हणून ते पुरेसे नाही. माझे उत्तर दोन भागांत. हेड कोचचे काम म्हणजे घरोघर जाऊन मुले मिळवणे, देणगीदारांची मर्जी राखणे, पैशाची तोंडमिळवणी करणे, शंभरावर पोरांची जबाबदारी घेणे. ते वेगळेच काम आहे आणि चाऊंना ते जमले नाही. यात झाकण्यासारखे काही नाही. दुसरा भाग लॉस एंजेलिसचा, आणि तो त्यांच्या विद्येची मर्यादा दाखवतो. प्रोव्होत क्वार्टरबॅक वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहत शिकत. मॅक्महॉनच्या मागे यंग, यंगच्या मागे बॉस्को. मॉर्मन धर्मकार्यासाठी दोन वर्षे बाहेर राहून आलेली वडीलधारी मुले संघात असत. मोजक्या खेळ्या घोटून घेण्याची रीत अशा सवडीच्या जागी फळते. ती सवड नसलेल्या जागी चाऊ सर्वसाधारण ठरले. कारागिराला त्याचे साहित्य आणि वेळ लागतो, आणि ते दोन्ही पुरवणे हे हेड कोचचेच काम असते, हे माझ्या विरोधकांच्या पारड्यात मी स्वतःहून टाकतो.

आता तर ही सवड कोणालाच नाही. बड्या विद्यापीठांत नामांकित कोऑर्डिनेटरला वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त मिळतात, आणि तो दोन हंगामांत दुसरीकडे निघून जातो. 2019 चे लुइझियाना स्टेट हे याचे ढळढळीत उदाहरण: 15 पैकी 15 विजय, जो बरोचे 60 टचडाउन पास. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते स्टीव्ह एन्समिंगर. पण सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार, जो 2002 मध्ये चाऊंना आणि 2015 मध्ये रायलींना मिळाला होता, तो गेला पासच्या खेळाची जबाबदारी असलेल्या तरुण जो ब्रेडींकडे. ब्रेडी लगेच व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले, बरो गेला, त्याच्यासोबत डझनावर खेळाडू गेले, आणि पुढच्या वर्षी संघ 5–5 वर आला. यात कोणाचे जाणे किती महागात पडले हे वेगळे काढता येणार नाही, आणि काढण्याचा आव कोणी आणू नये. पण हेड कोच त्या दोन्ही वर्षी एकच होता, एवढे दिसते. 2024 पासून तर क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये थेट आवाज पोहोचवण्याची परवानगी मिळाली. खेळी सुरू व्हायला 15 सेकंद उरले की तो बंद होतो. मैदानाबाहेरून एक शब्द बोलणे जिथे गुन्हा होता, तिथे आता आखणी करणारा खेळाडूच्या कानात बसला आहे.

नोंद ठेवणाऱ्यांनी मात्र हा बदल अजून मनावर घेतलेला नाही. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रशिक्षकाला प्रवेश हवा असेल, तर त्याने किमान 10 वर्षे आणि 100 सामने हेड कोच म्हणून काढलेले असले पाहिजेत, आणि विजयांचे प्रमाण 0.600 असण्याची अट होती. 158 विजय आणि 107 पराभव नावावर असलेले लीच 2022 मध्ये वारले तेव्हा या मर्यादेच्या किंचित खाली होते. 2025 मध्ये ती 0.595 वर आणण्याचे जाहीर झाले आणि 2027 पासून त्यांचा विचार होऊ शकेल. हेड कोचपदाची अट जागच्या जागी आहे. ब्रॉयल्स पुरस्काराला कोऑर्डिनेटर चालतो आणि हॉलला चालत नाही, ही विसंगती दूर करायला एका ओळीची दुरुस्ती पुरेल, आणि ती व्हायला हवी. ती होईपर्यंत स्कोव्हिल आणि चाऊ या दोघांच्याही नावाचा प्रशिक्षक म्हणून तिथे नियमानेच विचार होऊ शकत नाही.